शिलेदाराचे शस्त्र आणि छावणीचा दरवाजा

(दीर्घ धागा)

१/
परवान्याची बंदूक गाडीत ठेवून कोणी प्रवासी पुणे, खडकी किंवा देवळालीच्या लष्करी आस्थापनेच्या फाटकाशी गेला, तर पहारेकरी त्याला तेथेच थांबवतो. हत्यार स्वतःचे आहे, परवाना खरा आहे, हेतू निर्मळ आहे, एवढ्याने फाटक उघडत नाही. दोनशे वर्षांपूर्वी याच मुलखात छावणीच्या तोंडाशी आलेल्या स्वाराला नेमका उलटा प्रश्न विचारला जाई: घोडा कोठे आहे, हत्यार कोठे आहे? ते स्वतःचे नसेल तर त्याला शिलेदार म्हणून नोकरी नसे. जे शस्त्र प्रवेशाचा दाखला होते तेच प्रवेशाचा अडसर कसे झाले, याचा बराचसा इतिहास भीमेच्या काठावर घडला आहे.

२/
दौंड तालुक्यातील राहू हे गाव भीमा आणि मुळा-मुठा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसले आहे. या टापूला राहू बेट म्हणतात. पुढे रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते. नदीपलीकडे शिरूर तालुका. आज येथे ऊस आणि गुऱ्हाळे यांचे राज्य आहे. पण दौंड तालुक्याचे जुने नाव भीमथडी, आणि भीमथडी म्हटले की मराठी माणसाला आधी आठवते ते तट्टू. बुटके, काटक, थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारे हे जनावर मराठी घोडदळाचा कणा होते. ते जनावर पुष्कळदा सरकारच्या पागेतले नसे, घरच्या दावणीचे असे.

३/
'शिलेदार' हा शब्दच या इतिहासाची किल्ली आहे. अरबीत 'सिलाह' म्हणजे शस्त्र. त्याला फारसी 'दार' जोडून 'सिलाहदार', म्हणजे शस्त्र बाळगणारा. मराठीत तो शिलेदार झाला. स्वतःचा घोडा, स्वतःची तलवार, ढाल, भाला आणि ऐपत असल्यास तोड्याची बंदूक घेऊन तो चाकरीस येई. सरकारच्या किंवा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. दोघेही एकाच रणात उतरत, पण एक मालक होता आणि दुसरा पगारी. गावात दोघांच्या प्रतिष्ठेत जे अंतर पडे ते या मालकीमुळे.

४/
राज्यकर्त्याला ही पद्धत स्वस्त पडे. घोडा विकत घ्यायला नको, शस्त्रे घडवायला नकोत, पावसाळ्यात जनावरांना पोसायला नको. तो सगळा भार शिलेदाराच्या घरावर. घोडा पडला तर नुकसान त्याचे. दुसरा घोडा घेईपर्यंत त्याचे उत्पन्न बंद. म्हणून शिलेदार रणात आपल्या घोड्याला जपतो, ही तक्रार जुनी आहे. दुसरी अडचण याहून मोठी. ज्याचा घोडा आणि ज्याचे हत्यार, त्याची मर्जीही त्याचीच. धनी बदलावासा वाटला तर तो आपली सारी सामग्री घेऊन निघून जाऊ शकत असे.

५/
शिवाजी महाराजांच्या लष्करी रचनेत या धोक्याची स्पष्ट जाणीव दिसते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ मध्ये लिहिलेल्या बखरीत पागेची उतरंड दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. शिलेदार होतेच, पण त्यांना पागेच्या हुकमतीखाली ठेवले होते. पागा बळकट केली ती एवढ्यासाठी की स्वतःच्या घोड्याच्या आणि हत्याराच्या जोरावर कोणी शिरजोर होऊ नये.

६/
छावणीच्या दरवाज्यात झडती तेव्हाही होई. 'छावणी' हा शब्द छप्पर घालण्यावरून आला. पावसाळ्यात फौज ज्या शाकारलेल्या तळावर राही ती छावणी. सभासदाच्या वर्णनानुसार दसऱ्याला फौज मुलूखगिरीस निघताना लहानमोठ्या प्रत्येकाच्या चीजवस्तूची नोंद केली जाई. परतल्यावर त्या नोंदीशी पडताळा पाहून झडती होई आणि अधिक निघालेला ऐवज सरकारजमा होई. नोंदवहीत शोध घेतला जाई तो लपवलेल्या लुटीचा. तलवार कमरेला असणे हे गृहीतच होते.

७/
चिपळूणजवळच्या लष्करी तळाला महाराजांच्या कारकिर्दीत गेलेले एक आज्ञापत्र प्रसिद्ध आहे. त्यातील काळजीही हत्यारांची नाही. दाणा-वैरण बेताने वापरावी, रयतेच्या काडीलाही हात लावू नये आणि गवताच्या गंजीजवळ विस्तव किंवा जळता दिवा ठेवू नये, अशी ती ताकीद आहे. उंदराने पेटती वात पळवली तरी छावणी भस्म होईल, इतका बारीक विचार त्यात आहे. त्या काळच्या तळाला भय होते आगीचे, उपासमारीचे आणि रयतेच्या तळतळाटाचे.

८/
पेशवाईत तोल बदलला. स्वाऱ्या लांबच्या झाल्या, फौजा वाढल्या, आणि सरकारी पागेपेक्षा शिलेदारांवरचा भार वाढत गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या पदरी असलेल्या विल्यम हेन्री टोन या आयरिश अधिकाऱ्याने मराठी घोडदळाचे चार वर्ग नोंदवले: खासगी पागा, शिलेदार, एकटेदुकटे येऊन चाकरी धरणारे एकांडे आणि लुटीवर जगणारे पेंढारी. यांतील पागा सोडली तर बाकी तिघेही आपापली सामग्री घेऊन येत. शस्त्राची मालकी राज्याच्या हातून किती सुटली होती, हे या यादीतच दिसते.

९/
याच सुमारास घोडनदीच्या काठी निराळ्या जातीची छावणी उभी राहिली. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज पत्करली, आणि शिरूर हे त्या फौजेचे प्रमुख ठाणे झाले. या फौजेचा सेनापती कर्नल वॉलेस १८०९ मध्ये तेथेच वारला. त्याच्या समाधीला स्थानिक लोक पुढे सत्पुरुषाचे स्थान मानून नवस बोलू लागले. ज्या फौजेने पेशवाईला वेढले तिच्या सेनापतीला गावाने देवमाणूस केले, हा इतिहासाचा एक विलक्षण विनोद.

१०/
या छावणीतील पायदळ शिपायाची बंदूक त्याची स्वतःची नव्हती. ती कंपनीची. कवायत संपली की मोजून जमा व्हायची. यामागे अविश्वास होताच, पण एक साधे तांत्रिक कारणही होते. घरगुती तोड्याच्या बंदुकांच्या नळ्या लहानमोठ्या असत. प्रत्येकाला आपल्या नळीच्या मापाची गोळी ओतून घ्यावी लागे, आणि शेजाऱ्याची गोळी त्याच्या कामाची नसे. कंपनीच्या चकमकीच्या बंदुका एका मापाच्या होत्या. एकाच कोठारातून काडतुसे वाटता येत, पाचशे माणसे एका हुकमावर बार काढू शकत. एकसारखे हत्यार हवे तर ते एकाच मालकाचे हवे, हा नव्या लष्कराचा पाया होता.

११/
गंमत अशी की घोडदळाची गरज पडली तेव्हा कंपनीनेही मराठ्यांचीच जुनी रीत उचलली. १३ जून १८१७ च्या पुणे कराराने पाच हजार घोडदळ आणि तीन हजार पायदळ यांच्या खर्चासाठी बाजीरावाकडून मुलूख घेण्यात आला. त्या वर्षी उभारलेले पुण्याचे साहाय्यक घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. अधिकारी कंपनीचे, पगार कंपनीचा, पण घोडा आणि हत्यार स्वाराचे. शिरूरच्या एकाच छावणीत आता दोन लष्करे नांदू लागली: एकाचे शस्त्र सरकारचे, दुसऱ्याचे स्वतःचे.

१२/
३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याकडे निघाला तेव्हा ही दोन्ही लष्करे त्याच्याबरोबर होती. मुंबई पायदळाचे सुमारे पाचशे शिपाई, साहाय्यक घोडदळाचे सुमारे अडीचशे स्वार आणि दोन तोफा. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठच्या कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. समोरचे अरब आपापल्या बंदुकांनिशी, मराठे स्वार आपापल्या घोड्यांनिशी लढत होते. स्वतःच्या शस्त्राने लढणारी माणसे त्या दिवशी दोन्ही बाजूंना होती, ही गोष्ट सहसा नजरेतून निसटते.

१३/
त्या पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि येथे या विषयाची दुसरी बाजू समोर येते. स्वतःचा घोडा व हत्यार ही लष्करात शिरण्याची अट असली की ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि गावातील मान आहे त्यालाच तो दरवाजा सताड उघडा राहतो. घोडा पोसण्याची ऐपत नसलेल्या, आणि असली तरी गावातून घोड्यावर बसून जाण्याची सामाजिक मुभा नसलेल्या माणसाला शिलेदारी कोठून? सरकारी बंदुकीने ही अट मोडली. हत्यार छावणीत मिळणार असेल तर माणूस रिकाम्या हाताने येऊ शकतो.

१४/
ही वाट सरळ राहिली नाही. १८९० नंतरच्या काही वर्षांत ब्रिटिशांनी 'लढवय्या जाती'च्या कल्पनेपायी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्जाची मोहीम हाती घेतली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, तेव्हा त्या हिरावलेल्या दरवाज्याची आठवण ताजी होती. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. सरकारचे शस्त्र समतेचे साधन होऊ शकते. मात्र ते कोणाच्या हाती द्यायचे हे सरकारच ठरवते, हा धडा या अर्धशतकाने दिला.

१५/
१८५७ नंतर प्रश्न छावणीपुरता उरला नाही. त्याच वर्षी शस्त्रांवर निर्बंध घालणारा कायदा आला आणि १८६० च्या एकतिसाव्या कायद्याने शस्त्रे तयार करणे, आणणे, विकणे आणि बाळगणे यांवर नियंत्रण आले. काही भागांत सरसकट हत्यारे काढून घेण्याची सोयही त्यात होती. मराठी मुलखाच्या दक्षिण सीमेवर घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात हलगली गावच्या बेरडांनी हत्यारे नोंदवण्यास नकार दिला. १८५७ च्या अखेरीस गावावर फौज चालून गेली, घरे जाळली गेली, माणसे फाशी गेली. ज्यांची उपजीविका आणि ओळख दोन्ही हत्यारावर होती, त्यांना ती नोंद म्हणजे स्वतःचे नाव खोडून घेणे वाटले.

१६/
लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने ही चौकट देशभर पक्की केली. परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरणे गुन्हा ठरले. पण युरोपीयांना यातून सूट होती. म्हणजे एकाच रस्त्याने एकाच प्रकारची बंदूक घेऊन जाणाऱ्या दोन प्रवाशांपैकी एक गुन्हेगार आणि दुसरा सभ्य गृहस्थ, हे कातडीच्या रंगावरून ठरे. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. लिटनचाच देशी वृत्तपत्रांवरील कायदा १८८२ मध्ये रद्द झाला; शस्त्र कायदा मात्र टिकला. वंशावर आधारलेली सूट पहिल्या महायुद्धानंतरच गेली.

१७/
हा कायदा नवा असतानाच भीमथडी-शिरूरच्या टापूने त्याला आव्हान दिले. वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. साम्राज्याच्या फौजेवर किती पैसा खर्च होतो याचे आकडे त्यांच्या हाताखालून जात होते. पण छावणीतील शस्त्रागाराची किल्ली कारकुनाकडे नसते. त्यांनी रामोशी तरुणांना हाताशी धरले. गावाची राखण हा रामोशांचा पिढीजात हक्क. हत्यार त्यांना नवे नव्हते. १८७९ च्या फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातील धामारीवर पहिला छापा पडला. त्याच वर्षी जुलैत फडके पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

१८/
इकडे घोडदळातील शिलेदारी आतून बदलत होती. बंदुका आणि दारूगोळा सरकारी झाला. स्वाराने आणायचा राहिला तो घोडा, खोगीर आणि पोशाख. पुढे तोही प्रत्यक्ष न आणता त्यासाठी पलटणीकडे ठरावीक रक्कम भरायची रीत पडली. शस्त्र बाळगणारा हा अर्थ शब्दातून गळून गेला, उरला अनामत भरणारा. पहिल्या महायुद्धात घोडे आणि माणसे हजारांनी पडू लागली तेव्हा ही पद्धत तग धरू शकली नाही. १९२१ च्या सुमाराच्या पुनर्रचनेत ती संपली.

१९/
शिरूरच्या त्या साहाय्यक घोडदळाचा वारसा आजच्या पूना हॉर्स या पलटणीकडे आला आहे. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ च्या युद्धात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले ते याच पलटणीत लढताना, रणगाड्यातून. घरच्या दावणीचा घोडा आणणाऱ्या स्वारांपासून रणगाड्यापर्यंतचा हा प्रवास आहे. रणगाडा कोणी घरून आणू शकत नाही. शस्त्राची किंमत आणि संहारशक्ती ज्या वेगाने वाढली, त्याच वेगाने त्याची मालकी व्यक्तीकडून राज्याकडे गेली.

२०/
स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. वंशभेद गेला, परवान्याची चौकट राहिली. या कायद्यात शेतकऱ्यासाठी एक लहानशी खिडकी आहे: पीकसंरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी तोंडाकडून दारू भरण्याच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. निवडणुका आल्या की परवानाधारकांना हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. भीमथडीच्या जुन्या शिलेदाराला हे दृश्य चमत्कारिक वाटले असते.

२१/
याच कायद्याचे एकविसावे कलम या धाग्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. मुदत संपल्याने किंवा अन्य कारणाने शस्त्र बाळगणे बेकायदा ठरले, तर ते कोठे जमा करायचे हे त्यात सांगितले आहे. सामान्य नागरिकाने जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे. आणि ती व्यक्ती सेनादलातील असेल तर पलटणीच्या शस्त्रागारात. लष्करी बोलीत या शस्त्रागाराला 'कोत' म्हणतात. सैनिकाच्या खाजगी हत्याराला छावणीत जागा आहे, पण ती त्याच्या उशाशी नाही. ती कुलपात आणि नोंदवहीत आहे.

२२/
हा पेच केवळ भारताचा नाही. अमेरिकेत बंदूक बाळगणे हा घटनात्मक हक्क मानला जातो. तेथे निवृत्त सैनिक घरासारख्या सजवलेल्या मोठ्या मोटारींतून देशभर हिंडतात आणि लष्करी तळांवरील मुक्कामाच्या जागांत उतरतात. अनेकांच्या मोटारीत स्वतःची बंदूक असते. पण राज्याने दिलेला परवाना तळाच्या फाटकाशी आपोआप चालत नाही. तेथे तळप्रमुखाचा नियम चालतो: आधी सांगा, नोंद करा, बहुधा शस्त्रागारात ठेवा. न सांगता आत नेणे हा गुन्हा ठरू शकतो. २००९ मध्ये फोर्ट हूड येथे आणि २०१५ मध्ये चॅटनूगा येथे सैनिकांवर गोळीबार झाल्यावर उलट मागणीही पुढे आली. २०१६ मध्ये संरक्षण खात्याने सैनिकांना खाजगी शस्त्र बाळगू देण्याचा निर्णय तळप्रमुखांवर सोपवला.

२३/
दोन्ही देशांतील नियमांमागचे तत्त्व एकच आहे. परवाना हा नागरिक आणि मुलकी प्रशासन यांच्यातील करार. जिल्ह्यात तो जिल्हाधिकारी देतात, पुण्यासारख्या शहरात पोलीस आयुक्त. लष्करी फाटकाच्या आत निराळी सत्ता असते, आणि बाहेरचा विश्वास तिला बांधील नसतो. कँटोन्मेंटमधील बाजाराचा रस्ता आणि लष्करी आस्थापनेचे फाटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथे ध्यानात ठेवावे लागते. पहिल्यावरून नागरिकाची रोजची ये-जा आहे. दुसऱ्यापाशी परवानगी आधी मागावी लागते.

२४/
शिलेदारीच्या अंताने काही गेले आणि काही मिळाले. गेली ती गावाच्या दावणीला बांधलेली स्वायत्तता, आणि धन्याला 'नाही' म्हणण्याची ताकद. एका कायद्यासरशी अख्ख्या समाजाचे हत्यार काढून घेता येते आणि सूट फक्त राज्यकर्त्याच्या वंशाला देता येते, हे १८७८ ने दाखवले. मिळाले ते असे लष्कर, ज्यात शिरण्यासाठी घरी घोडा असावा लागत नाही. शस्त्र राज्याचे असणे तेव्हाच न्याय्य ठरते, जेव्हा राज्याचा दरवाजा सर्वांना सारख्याच अटीवर उघडतो.

२५/
भीमथडीच्या घरांत खंडेनवमीला आजही शस्त्रे पूजली जातात. जुनी तलवार नसेल तर कोयता, विळा, ट्रॅक्टरची किल्ली पाटावर येते. दसऱ्याला सीमोल्लंघन होते, पण त्या दिवशी स्वारीवर निघणारे पथक आता गावातून निघत नाही. शिलेदार हे आडनाव राहिले, तट्टू म्हणीत राहिले. शस्त्र कोणाचे, यापेक्षा ते कोणाच्या नोंदवहीत आहे आणि ती नोंदवही कोणाला जाब देते, हा प्रश्न मात्र शिरूरच्या छावणीत होता तसाच आजच्या प्रत्येक फाटकावर उभा आहे.

(धागा समाप्त)